वेताची खुर्ची आणि आपले चंदीगड

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असे आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. लेखिका म्हणवून घ्यावे असे माझ्या हातून काही झालेले नाही. परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण सगळ्याजणी माझ्याकडे जमला होतात, तेव्हा एकीने खिडकीजवळच्या जुन्या वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारले, "वहिनी, ही अडगळ अजून कशाला ठेवली आहे?" त्या प्रश्नाचे उत्तर चहा होऊन कप विसळून होईपर्यंत काही संपेना. जाताना चिटणीसबाई म्हणाल्या, "आत्ता सांगितलेत ना, तेच लिहा." म्हणून हा प्रपंच.

१९७२ साली लग्न होऊन मी पुण्याहून चंदीगडला आले. यजमानांना सेक्टर बावीसमध्ये सरकारी घर मिळालेले होते. सासूबाई बरोबर होत्या. घराच्या विटांच्या भिंतींना बाहेरून गिलावाच नाही, हे पाहून त्यांनी दारातच विचारले, "अरे, घर पुरे तरी होऊ द्यायचे होते!" घर पुरे होऊन तेव्हा वीस वर्षे होत आली होती. मलाही ते घर काही आवडले नाही. वाड्यात वाढलेल्या मुलीला कोनाडे नाहीत, माजघर नाही, ही कसली वास्तू, असे वाटायचे. पुढे जून महिना आला आणि लू वाहू लागली. खिडक्या भिंतीत खोल का बसवल्या आहेत, जिथे आपण गज लावले असते तिथे विटांची जाळी का आहे, गच्चीवर जायला जिना आणि चारी बाजूंनी आडोसा का आहे, हे तेव्हा अंगाला कळले. रात्री आम्ही सारे गच्चीवर निजत असू. शेजारच्या बीजी लाहोरहून आलेल्या. त्या म्हणत, "बेटी, या शहरात आमचे काही जुने नाही, म्हणून सगळे नवे केले." त्यांच्या या बोलण्यात चंदीगडचा सारा इतिहास आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

तो इतिहास आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. तरी नव्या भगिनींसाठी थोडक्यात सांगते. १९४७ साली फाळणी झाली आणि लाहोर पाकिस्तानात गेले. आपल्या वाट्याच्या पंजाबला राजधानी उरली नाही. लाखो निर्वासित येत होते, आणि तशात नवे शहर वसवण्याचे ठरले. पहिला आराखडा अमेरिकेतील अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला. परंतु १९५० च्या ऑगस्टमध्ये नोविकी विमान अपघातात गेले. तेव्हा पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा हे दोन अधिकारी वास्तुशिल्पकाराच्या शोधात युरोपात गेले आणि ल कॉर्बुझिए, त्यांचे नात्याने भाऊ लागणारे पिएर जानरे, आणि इंग्लंडचे मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे दांपत्य, अशा चौघांना त्यांनी या कामासाठी मिळवले. १९५१ च्या फेब्रुवारीत कॉर्बुझिए येथे आले आणि शहराचा आराखडा नव्याने मांडला गेला. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते शहराचे उद्घाटन झाले.

नाव झाले ते कॉर्बुझिए यांचे. हायकोर्ट, सचिवालय आणि विधानभवन या त्यांच्या इमारती पाहायला जगभरातून माणसे येतात, आणि तसे ते कामही आहे. हायकोर्टावर एक छप्पर आणि त्याच्याही वर दुसरे, छत्रीसारखे उचललेले; मधून वारा खेळतो आणि ऊन पहिल्या छपरापर्यंत पोचतच नाही. न्यायालयाच्या दालनांत आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर मोठमोठे गालिचे लावले. त्यांची चित्रे कॉर्बुझिए यांनी काढली आणि विणले ते काश्मीरच्या विणकरांनी. पोलाद महाग आणि दुर्मीळ, मजूर मात्र हवे तितके. म्हणून काँक्रीट हाताने केले गेले. त्या वेळची छायाचित्रे पाहा. डोक्यावर घमेली घेऊन उतरत्या फळ्यांवरून चढणाऱ्या बायकांच्या रांगाच्या रांगा त्यांत दिसतील. काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांचे ठसे तसेच ठेवले आहेत. सासूबाईंना ते पाहूनही "गिलावा राहिला" असेच वाटले असते!

परंतु कॉर्बुझिए वर्षातून एकदोनदा येत आणि काही आठवडे राहून परत जात. इथे घर करून राहिले ते पिएर जानरे. १९५१ पासून १९६५ पर्यंत, प्रकृती अगदी ढासळेपर्यंत, ते येथेच होते. सेक्टर पाचमधील सत्तावन्न क्रमांकाच्या घरात ते राहत. सरकारी घरे, शाळा, पंजाब विद्यापीठाच्या इमारती आणि पाण्यात उमललेल्या फुलासारखे दिसणारे तेथले गांधी भवन ही त्यांची कामे. सुखना तलावातील पायांनी चालवायच्या नावासुद्धा त्यांनी आखल्या होत्या. १९६७ साली ते जिनिव्हाला वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे १९७० मध्ये त्यांच्या अस्थी याच सुखना तलावात विसर्जित केल्या गेल्या. परक्या मुलखातला माणूस शेवटी आपल्या तलावात येऊन विसावला, हे वाचले तेव्हा मला गलबलून आले.

या परदेशी मंडळींच्या हाताखाली आपली तरुण माणसे होती. एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, बी. पी. माथुर, जीत मल्होत्रा ही त्यांतली काही नावे. त्याच यादीत प्रभावळकर आणि देठे ही दोन नावे वाचून माझे मराठी मन क्षणभर थबकले, हे कबूल करते. आणि दोन स्त्रिया होत्या, त्यांच्याविषयी महिला मंडळाच्या स्मरणिकेत लिहिलेच पाहिजे. पहिल्या जेन ड्रू. त्या येथे तीन वर्षे होत्या. शहरात आधी वस्तीला आलेला आपला सेक्टर बावीस, त्यातली घरे, दुकाने, शाळा यांत त्यांचा मोठा हात आहे. सरकारी घरांचे मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत तेरा प्रकार ठरलेले होते, आणि सर्वांत स्वस्त घरावरही या मंडळींनी मन लावून काम केले.

दुसऱ्या उर्मिला यूली चौधरी. त्यांचा जन्म १९२३ चा. वास्तुशास्त्राचे शिक्षण त्यांनी ऑस्ट्रेलियात सिडनीला घेतले आणि १९५१ साली त्या चंदीगडच्या कामावर रुजू झाल्या. फ्रेंच उत्तम येत असल्यामुळे परदेशी मंडळींशी त्यांचा संवाद सहज होई. कॉर्बुझिए यांच्या एका ग्रंथाचे भाषांतरही त्यांनी केले. येथील गृहविज्ञान महाविद्यालय आणि मुलींचे पॉलिटेक्निक या त्यांच्या इमारती. पुढे १९७६ ते १९८१ या काळात त्या पंजाब राज्याच्या मुख्य वास्तुशिल्पकार होत्या. वास्तुशास्त्र हे बाईमाणसाचे क्षेत्र नव्हे, असे मानले जाई त्या दिवसांतली ही गोष्ट. १९९५ साली त्या निवर्तल्या. मी त्याच शहरात तेवीस वर्षे राहिले होते आणि तोवर त्यांचे नावही मला ठाऊक नव्हते.

आता खुर्चीकडे वळते. इमारती उभ्या राहिल्या, पण आत बसायचे कशावर? न्यायाधीशापासून कारकुनापर्यंत, आमदारापासून विद्यार्थ्यापर्यंत हजारो खुर्च्या, मेजे, कपाटे, बाके एकदम हवी होती. असे फर्निचर पुरवणारा मोठा कारखाना जवळपास नव्हता, आणि विलायतेहून मागवायला पैसा नव्हता. तेव्हा जानरे, चौधरीबाई आणि कचेरीतील इतर मंडळींनी साधी रेखाचित्रे तयार केली, आणि ती पाहून ठिकठिकाणच्या सुतारांच्या कारखान्यांनी सामान बनवले. लाकूड सागवान, नाहीतर इकडचे शीशम, ज्याला पंजाबीत टाहली म्हणतात. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही आणि हवा पालटली तरी ते फारसे वेडेवाकडे होत नाही. बैठक आणि पाठ वेताची. उन्हाळ्यात पाठीला घाम साचत नाही, आणि वेत तुटला तर रस्त्यावरचा विणणारासुद्धा नवा भरून देतो.

या खुर्च्यांचा घाट एकदा ओळखला की विसरत नाही. बाजूचे दोन पाय वर एकत्र येतात आणि जमिनीकडे फाकतात. शाळेच्या दप्तरातला कंपास उघडून उभा केल्यासारखे. हाताचा दांडा त्याच सांगाड्यावर टेकलेला. कोरीवकाम नाही, नक्षी नाही, पितळी फुले नाहीत. भार जिथे येतो तिथे लाकूड जाड आणि जिथे येत नाही तिथे बारीक केलेले, एवढीच काय ती शोभा. निरनिराळ्या कारखान्यांत हाताने बनल्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्याही तंतोतंत सारख्या नाहीत. बनवणाऱ्या सुतारांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. परंतु सरकारी वस्तू म्हणून प्रत्येकीवर कचेरीचे नाव आणि क्रमांक रंगाने लिहिलेला असे. या क्रमांकाची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून आत्ता ध्यानात ठेवावी.

वीसपंचवीस वर्षे या खुर्च्या वापरल्या गेल्या. मग कचेऱ्यांतून लोखंडी आणि रेक्झिनच्या गाद्यांच्या खुर्च्या आल्या, पुढे फिरत्या खुर्च्या आल्या. वेताच्या खुर्चीवर बसणे म्हणजे मागासलेपणा, असे साहेबांना वाटू लागले आणि साहेबांचे पाहून कारकुनांनाही. फाटलेल्या वेताच्या खुर्च्या गच्चीवर, जिन्याखाली, मोटारींच्या आडोशाला रचल्या जाऊ लागल्या. पावसात भिजल्या, उन्हात तडकल्या. शेवटी 'कंडम' असा शेरा मारून त्यांचे लिलाव होऊ लागले.

अशाच एका लिलावात १९८९ साली यजमानांनी चार खुर्च्या घेतल्या. कचेरीचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही; तेव्हा सगळीकडे हेच चालले होते. चारही मिळून अगदी किरकोळ पैशांत मिळाल्या. मी मिस्त्री बोलावून त्या घासूनपुसून घेतल्या आणि नवा वेत भरून घेतला. मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात काही अक्षरे आणि आकडे होते. चारचौघांत सरकारी माल दिसायला नको, म्हणून मी मिस्त्रीला सांगितले, "ते आधी रंध्याने साफ काढा आणि वरून गडद पॉलिश द्या." त्याने माझ्यासमोर ते काढले. हे सारे माझ्याच सांगण्यावरून झाले.

१९९८ मध्ये आम्ही स्वतःच्या घरात आलो. थोरलीचे लग्न ठरले होते, व्याही येणार होते. दिवाणखान्यात गुबगुबीत सोफासेट आला. तीन खुर्च्या मी कबाडीला दिल्या. त्याने घासाघीस करून काय दिले ते आठवतही नाही. चौथी राहिली ती सासूबाईंमुळे. भाजी निवडायला त्यांना तीच लागे. "हिच्यावर बसले की कंबर धरत नाही," म्हणायच्या. गिलाव्यावरून या शहराला नावे ठेवणाऱ्या माझ्या सासूबाईंनी आमच्या घरात पहिल्यांदा त्या खुर्चीचे मोल ओळखले, असे आज म्हणावे लागते.

त्याच सुमारास परदेशी व्यापारी, विशेषतः पॅरिसचे, येथे येऊन लिलावांतून आणि कबाड्यांकडून या वस्तू विकत घेऊ लागले होते. त्यांनी त्या जहाजाने नेल्या, दुरुस्त केल्या, त्यांवर पुस्तके काढली, प्रदर्शने भरवली. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत एकेका वस्तूला लाखो रुपये येऊ लागले. एमी सीगल या अमेरिकन बाईंनी २०१३ साली यावर एक चित्रपट केला आहे. तो उलट्या क्रमाने जातो: आधी धनिकांचे दिवाणखाने, मग लिलाव, मग दुरुस्तीची दुकाने, मग जहाज, आणि शेवटी आपले चंदीगड, जिथे त्याच खुर्च्या कोपऱ्यात रचलेल्या आहेत.

पुष्कळ लोक त्या व्यापाऱ्यांना चोर म्हणतात. मला तसे सरसकट म्हणवत नाही. उघड्या लिलावात बोली लावून त्यांनी पुष्कळसा माल घेतला. आपण तो विकायला काढला होता. कायद्याचाही आधार नव्हता. पुरावशेष आणि कलावस्तूंविषयीचा आपला १९७२ चा कायदा साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना संरक्षण देतो, आणि या खुर्च्यांना साठही झाली नव्हती. नवी वस्तू म्हणून जपावी तर ती जुनी झालेली, आणि जुनी म्हणून जपावी तर कायद्याने ती पुरेशी जुनी नाही! अखेर २०११ च्या फेब्रुवारीत केंद्रीय गृहमंत्रालयाने हे फर्निचर विकण्यास बंदी केली. पुढे मोजदाद झाली, तेव्हा सरकारी कचेऱ्या आणि संस्थांत मिळून बारा हजारांहून अधिक वस्तू अजून शिल्लक असल्याचे दिसून आले. २०१६ साली हायकोर्ट, सचिवालय आणि विधानभवन यांचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला.

बंदीची ती बातमी मी २०११ मध्ये वर्तमानपत्रात छायाचित्रासह वाचली. छायाचित्रातली खुर्ची माझ्या स्वयंपाकघरात होती! यजमान हसून म्हणाले, "तीन लक्ष्म्या कबाडीला दिल्यास." मुलाने तर पैशांचा हिशोबच मांडला. खोटे कशाला सांगू, दोन रात्री मला झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी मी सेक्टर एकोणीसमधले जुन्या वास्तुशिल्प कचेरीतले संग्रहालय पाहायला गेले. ते २००८ साली उघडले होते, आणि मी तिथून भाजी घेऊन कितीदा तरी गेले होते. तेथे नकाशे, पत्रे आणि खुर्च्या पाहताना पैशांचा विचार हळूहळू मागे पडला. वाटले ते एवढेच, की एकोणचाळीस वर्षे मी या शहरात राहिले, त्याच्या खिडक्यांच्या सावलीत पोरे वाढवली, आणि ते कोणी, कशासाठी, कसे केले हे एकदाही विचारले नाही.

घरी येऊन उरलेली खुर्ची उलटी केली. मागची पट्टी गुळगुळीत होती. पुढे एका जाणकार गृहस्थांनी ती नीट पाहिली आणि म्हणाले, "लाकूड जुळते, सांधे जुळतात, घाटही जुळतो. पण हल्ली हुबेहूब नकला होतात. क्रमांक असता तर छातीठोक सांगितले असते." मी रंध्याने काढायला लावलेली ती अक्षरेच तिची जन्मपत्रिका होती.

म्हणून भगिनींनो, चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरात जुने लाकडी सामान असेल तर ते आधी उलटे करून पाहा. खालचे-मागचे आकडे, चिठ्ठ्या, खुणा पुसू नका, पॉलिशवाल्यालाही पुसू देऊ नका. सरकारी शिक्का असलेली वस्तू कोणी स्वस्तात विकायला आणली, तर ती कोठून आली हे विचारल्यावाचून घेऊ नका. वेताची बैठक सैल पडली तर ती लगेच उसवू नका; खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवून सावलीत वाळू द्या, पुष्कळदा वेत आपोआप ताणून बसतो. तिच्यावर उभे राहून माळ्यावरचे डबे काढू नका. वेत भार पसरून घेतो, टाचेचा नेमका दाब त्याला सोसत नाही. आणि वस्तू विकायचीच असली तर खुशाल विका, घरे काही संग्रहालये नव्हेत. परंतु कोणी आणली, कधी आणली, तिच्यावर कोण बसत असे, हे चार ओळींत लिहून ठेवा.

सेक्टर पाचमधले जानरे यांचे घरही २०१७ पासून संग्रहालय म्हणून खुले झाले आहे. कॅपिटॉलच्या इमारती मार्गदर्शकाबरोबर पाहता येतात. मंडळाची सहल दरवर्षी पिंजोर बागेला जाते. या वर्षी एक दिवस आपल्याच शहरासाठी ठेवावा, अशी मी कार्यकारिणीला विनंती करते. नातवंडांनाही बरोबर घ्यावे.

माझी खुर्ची खिडकीजवळच राहील. ती खरी की नक्कल, हे आता कोणी सांगू शकत नाही. सासूबाई तिच्यावर नऊ वर्षे भाजी निवडायला बसल्या, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकते, आणि तेवढे मी एका कागदावर लिहून बैठकीच्या खाली चिकटवून ठेवले आहे. पुढच्या हळदीकुंकवाला याल तेव्हा अवश्य बसून पाहा.